कै. डॉ. कमलाबाई रणदिवे

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजामाता झाल्या, अहिल्याबाई झाल्या, सावित्रीबाई झाल्या. यंदा ते काम मी आपणहून मागून घेतले, याचे पुष्कळजणींना नवल वाटले. मी सातवी शिकलेली बाई. हिशोबाची वही आणि भिशीची यादी यापलीकडे मी फारसे काही लिहिलेले नाही. त्यातून ज्यांचे नाव मी सुचवले, त्या डॉ. कमलाबाई रणदिवे कोण हे बैठकीत दोघीतिघींनाच ठाऊक होते. २०२१ साली ८ नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, मोबाईलवर गूगल उघडले की सूक्ष्मदर्शकापुढे बसलेल्या त्यांचे चित्र दिसत असे. ते चित्र मीही पाहिले होते आणि बोटाने वर सारून पुढे गेले होते. मग आमच्या घरातच असे काही घडले की त्या बाईंचे नाव पुन्हा पुढे आले, आणि या वेळी मी थांबले.

ते आधी सांगते. माझ्या धाकट्या जावेची परवानगी घेऊनच सांगते आहे.

दोन वर्षांपूर्वी, द्राक्षांच्या काढणीच्या दिवसांत, तिला अंगोळ करताना उजव्या स्तनात गाठ लागली. हरभऱ्याएवढी, न दुखणारी. तिने कोणाला सांगितले? मला. आणि मी काय केले? हळदीचा लेप सांगितला. दुखत नाही म्हणजे भिण्यासारखे नसणार, असे माझे शहाणपण. पुरुष माणसे मालाच्या गाड्यांमागे होती, मजूर बायांचा स्वयंपाक होता, आणि असल्या जागेचे दुखणे सासऱ्यांपुढे काढायचे तरी कसे! आखाजी आली तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती. तीन महिने गेले. ते तीन महिने माझ्या नावावर आहेत आणि ते मी कोणावर ढकलत नाही.

नाशिकला सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. मग आला तो दोन पानी रिपोर्ट. त्यात ई.आर., पी.आर., हर टू अशी अक्षरे आणि त्यांच्यापुढे अधिक-उण्याची चिन्हे. घरात ते कोणालाच वाचता येईना. माझी मुलगी नाशकात नर्सिंग शिकते, तिने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बसवून तो समजावून दिला. बोलता बोलता ती म्हणून गेली की आपल्या महाराष्ट्रात या रोगाचा पेशीपासून अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्यांत पुण्याच्या एक बाई होत्या. तेव्हापासून मी मिळेल तिथून त्यांच्याविषयी वाचत आले. आता त्यांचे चरित्र सांगते.

कमलाबाईंचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. माहेरचे आडनाव समर्थ. दिंडोरीकरांच्या कानाला ते लगेच ओळखीचे वाटेल! वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आईचे नाव शांताबाई. वडिलांना सर्व मुलांच्या, विशेषतः मुलींच्या शिक्षणाची मोठी आस्था. कमलाबाईंची शाळा हुजूरपागा. अभ्यासात त्या हुशार होत्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे असे वडिलांच्या मनात होते. आईबापांनी असे ठरवावे आणि मुलींनी मान खाली घालावी, हा त्या काळचा रिवाज. पण कमलाबाईंनी वैद्यकीला जाण्याऐवजी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन फर्ग्युसनमधून बी.एस्‌सी. केली, तीही विशेष प्राविण्याने. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी एम.एस्‌सी.चा अभ्यास धरला. विषय कोणता असेल? सीताफळ, रामफळ ज्या कुळातली, त्या कुळातील झाडांच्या पेशींचा! पेशीच्या पोटात बारीक धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात आणि आईबापांचे गुण त्यांतून लेकरांत उतरतात. ती गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकातून पाहायची, मोजायची. ही पदवी त्यांना १९४३ साली मिळाली. सीताफळातल्या बिया थुंकताना आपल्या मनात असले काही येत नाही, पण कमलाबाईंची नजर पेशीवर बसली ती इथेच, आणि पुढचे सारे आयुष्य त्या नजरेनेच घडवले.

मधल्या काळात, १९३९ साली, त्यांचे लग्न झाले होते. नवरा डॉक्टर नव्हे, गणिती. श्री. जे. टी. रणदिवे. हे यजमान मोठ्या मनाचे असले पाहिजेत, कारण बायकोच्या पदव्युत्तर अभ्यासाला त्यांनी नुसती संमती दिली नाही, तर मदत केली. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या आम्हा किती जणी इथे बसल्या आहोत ते आपले आपल्याला माहीत. त्यांना एक मुलगा झाला, अनिल. बिऱ्हाड मुंबईला गेले आणि कमलाबाई टाटा मेमोरियल हॉस्पिटलात काम करू लागल्या.

हे हॉस्पिटल परळला १९४१ साली सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या पतींच्या मनात त्यातून हे उभारायचे आले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे रोगाने शरीरात काय बिघडते ते पाहण्याच्या शास्त्राचे, ते जनक मानले जातात. आपल्या लोकांच्या राहणीत कर्करोगाची कारणे कुठे दडली आहेत ते ते शोधत. तंबाखू चुन्यात मळून गालात धरणाऱ्यांचे तोंड, कमरेला धोतर घट्ट आवळून घालणाऱ्यांची कातडी, असा त्यांचा अभ्यास. (मशेरी लावणाऱ्या भगिनींनी ही ओळ पुन्हा वाचावी.) असे गुरू कमलाबाईंना लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ साली मिळवली.

त्या पीएच.डी.चा विषय मी थोडा सावकाश सांगते, कारण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी उंदरांच्या चार जाती घेतल्या. उंदीर म्हणजे आपल्या कोठीतले नव्हेत. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या एकाच वंशात जुळवून वाढवलेले, त्यामुळे एका जातीतला उंदीर दुसऱ्यासारखाच. या चार जातींत स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण वेगवेगळे. काहींत माद्यांना तो हमखास व्हायचा, काहींत क्वचितच. खाणेपिणे सारखे, पिंजरे सारखे, तरी असे का? म्हणून कमलाबाईंनी रोग झालेल्या गाठी बाजूला ठेवल्या आणि आधी निरोगी स्तनग्रंथीच पाहिल्या. ज्या जातीत पुढे रोग होतो तिची ग्रंथी मुळातच कशी वेगळी असते, ती कशी वाढते, याची त्यांनी चारही जातींत तुलना केली.

म्हणजे बघा, सगळे जग रोग झाल्यावर गाठीकडे पाहत होते, आणि ही बाई आधीच्या निरोगी शरीराकडे पाहत होती. एकीला होतो आणि दुसरीला होत नाही, हा प्रश्न आपण दैवावर सोडतो. कमलाबाईंनी तो सोडला नाही.

त्या वेळी या विषयात परदेशात एक मोठी खळबळ झालेली होती. अमेरिकेत १९३६ साली जॉन बिटनर नावाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले होते, की रोगप्रवण जातीच्या उंदरिणीचे पिलू जन्मताच उचलून निरोगी जातीच्या आईच्या अंगावर पाजले तर त्याला मोठेपणी कर्करोग होण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. दुधातून काहीतरी जात होते. तो एक विषाणू आहे हे पुढे कळले. इथे मी हात जोडून सांगते, हे उंदरांचे आहे, माणसांचे नव्हे. आईच्या दुधातून लेकराला कर्करोग जात नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला या रोगाचा धोका थोडा कमीच होतो असे पुढच्या अभ्यासात दिसले आहे. तेव्हा कोणी अर्धवट ऐकून सुनेचे पाजणे तोडू नये. कमलाबाईंनी पुढे बरीच वर्षे हाच गुंता धरून काम केले. वंश, शरीरातली स्त्रीरसायने म्हणजे हार्मोन, आणि विषाणू या तिघांचे एकमेकांशी नाते काय, हे त्यांनी उंदरांवर तपासले. त्यांच्या संस्थेत स्तनाचा कर्करोग वंशाने होणारी उंदरांची एक खास जातही तयार झाली आणि संस्थेच्याच नावाने ती ओळखली जाऊ लागली.

डॉ. खानोलकरांच्या आग्रहावरून त्या शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. घरसंसार असलेली मराठी बाई सातासमुद्रापलीकडे शिकायला गेली, तीही १९४९ नंतरच्या त्या दिवसांत! तिथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धन शिकून घेतले. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी. शरीरातल्या जिवंत पेशी बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवायच्या. विरजण लावण्याचे काम जिने केले आहे तिला यातली मेख समजेल. दूध फार गरम नको, फार गार नको, भांडे स्वच्छ हवे, आणि चुकून दुसरे काही पडले तर सगळे नासते. पेशींचेही तसेच, फक्त शंभरपटीने नाजूक. त्यांना अंगाइतकीच ऊब लागते, पोसणारा रस लागतो, आणि एक जंतू शिरला तर महिन्याची मेहनत फुकट.

याच डॉ. गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी आल्या होत्या. त्या बशीत मेल्याच नाहीत, वाढतच राहिल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. ती बाई मात्र त्याच वर्षी गेली, पाच लेकरे मागे ठेवून. वय ३१. तिला कोणी विचारलेही नव्हते आणि घरच्यांना पुढे वीस वर्षे पत्ता नव्हता. कमलाबाईंच्या चरित्राशी याचा संबंध एवढाच की जागा तीच. पण वाचल्यापासून ती बाई माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहिले.

परत आल्यावर त्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेत वरिष्ठ संशोधन अधिकारी झाल्या. ही संस्था डॉ. खानोलकरांनी परळलाच स्थापन केली होती. कमलाबाईंनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशात अशी प्रयोगशाळा हीच पहिली असे म्हणतात. पेशी पोसायला लागणारे रस आणि रसायने हवी होती. १९६० नंतरच्या वर्षांत कमलाबाईंनी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणारे सहकारी घेऊन हे रस इथेच तयार केले. कर्करोग कसा सुरू होतो, पेशी कशी चालते, शरीर रोगाशी कसे लढते, यांसाठी त्यांनी वेगवेगळे विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालिका होत्या. परदेशी गेलेल्या तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी परत यायला लावले, असेही वाचले. दोनशेवर शोधनिबंध, १९६४ साली दोन मोठी पारितोषिके, १९८२ साली पद्मभूषण. मानसन्मानांची यादी मी इथेच थांबवते.

एक काम मात्र वेगळे सांगावे लागेल. कुष्ठरोग. कुष्ठरोग्याच्या शरीरातून घेतलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात कमलाबाई आणि त्यांचे सहकारी १९५८ साली यशस्वी झाले. त्याच जंतूपासून पुढे त्यांच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लस केली आणि दक्षिण भारतात ती हजारो लोकांवर तपासून पाहण्यात आली. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळातली ही गोष्ट.

आता मी जावेच्या रिपोर्टाकडे वळते. कमलाबाई उंदरांच्या चार जातींपासून निघाल्या होत्या, आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला तो रिपोर्ट आहे.

आपण गाठ म्हणजे गाठ समजतो. पण द्राक्षबागेतल्या बायांना मी विचारते. पानावर डाग पडला म्हणजे काय? लांबून येणाऱ्याला सगळे डाग सारखे. आपल्याला माहीत असते की भुरी वेगळी आणि डाऊनी वेगळी. भुरीला गंधक चालते, डाऊनीला त्याचा काही उपयोग नाही. चुकीची फवारणी केली तर पैसा जातो आणि बागही जाते. स्तनाच्या गाठींचेही तसेच आहे. दोघींची गाठ हाताला एकसारखी लागेल, पण पेशी वेगळ्या असतील तर रोगाची चाल वेगळी, पुढे काय होईल याचा अंदाज वेगळा आणि औषधही वेगळे.

पेशी ओळखायच्या कशा? काढलेला तुकडा मेणात बसवतात, त्याचे कागदाहून पातळ काप करतात आणि त्यांवर एक खास द्रव घालतात. हा द्रव ठराविक प्रथिनालाच जाऊन चिकटतो, दुसऱ्या कशाला नाही. ते प्रथिन पेशीत असले तर काप तपकिरी रंगतो. ई.आर. आणि पी.आर. ही प्रथिने पेशीच्या आत असतात. ती असली तर ती गाठ स्त्रीरसायनांवर पोसते, आणि त्यांना अडवणाऱ्या गोळ्या लागू पडतात. बऱ्याच बायकांच्या गाठी या जातीच्या असतात. गोळ्या पाच वर्षे किंवा जास्त घ्याव्या लागतात, पण अशा गाठी सहसा सावकाश चालतात.

हर टू हे प्रथिन पेशीच्या अंगावर, बाहेरच्या कडेला असते. निरोगी पेशीवरही ते थोडे असतेच. वाढ असा निरोप आला की तो आत पोचवणे हे त्याचे काम. काही गाठींत मात्र हे प्रथिन पेशीच्या अंगभर दाटते. दारावर एक घंटा असावी तिथे शंभर घंटा लावल्या तर घरातल्यांना निजता येईल काय? तशी ती पेशी वाढतच सुटते. शंभरात पंधरा ते वीस बायकांत गाठ या प्रकारची असते. रिपोर्टात शून्य, एक, दोन, तीन असे आकडे देतात. शून्य-एक म्हणजे नाही, तीन म्हणजे ठाम आहे, आणि दोन आले तर नक्की होत नाही, आणखी एक चाचणी करावी लागते. माझ्या जावेचे तीन होते.

१९८७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की ज्या बायकांच्या गाठीत हे जास्त असते त्यांचा रोग लवकर उलटतो आणि त्या लवकर दगावतात. म्हणजे तेव्हा ही खूण नुसती वाईट बातमी होती. पण ज्या प्रथिनाने ओळख पटते त्याच प्रथिनावर नेम धरता येईल, असे त्यांना वाटले. बशीत वाढवलेल्या पेशींवर त्यांनी तपासले. उंदरापासून मिळालेले एक प्रतिद्रव्य माणसाला चालेल असे बदलून घेतले, आणि १९९८ साली ते औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. ते जाऊन त्या घंटांवर बसते आणि निरोप आत जाऊ देत नाही. आज आपल्या देशातही ते तयार होते. एके काळची सर्वांत वाईट खूण, आज औषध असलेली खूण झाली आहे.

हा शोध कमलाबाईंचा नव्हे, आणि तो त्यांच्या पदरात घालून मी त्यांना मोठे करणार नाही. त्यांना त्याची गरजही नाही. पण पेशी बशीत वाढवणे, उंदरांच्या वंशांतून रोग ओळखणे, आणि सगळ्यांचा रोग एकच नसतो हे धरून चालणे, या ज्या वाटेने हे औषध आले ती वाट आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्या होत्या. वंशाचेही तेच. रोग काही घराण्यांत का फिरतो हे त्या उंदरांत शोधत होत्या. माणसांत असा बिघाड वाहणारी दोन जनुके १९९४ आणि १९९५ साली हाती लागली. शंभरात पाच ते दहा बायकांचा रोग असा घराण्यातून आलेला असतो. बाकीच्यांचा नाही.

जावेचे शस्त्रकर्म झाले, केमो झाली, केस गेले. मग तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे वर्षभर हर टूचे इंजेक्शन. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मधूनमधून हृदयाची तपासणी. दिंडोरी ते नाशिक या एसटीच्या फेऱ्या आम्ही दोघींनी इतक्या केल्या की वाहकांनाही आम्ही ठाऊक झालो. एका बाईला शेजारच्या खुर्चीवर तेच इंजेक्शन चालू होते आणि दुसरीला दुसरेच. त्या दुसरीच्या गाठीत तिन्ही खुणा उण्या होत्या. आपल्याला हे चांगले औषध का देत नाहीत म्हणून ती रागावली होती. माझ्या मुलीने शिकवलेले मी तिला भुरी-डाऊनीच्या भाषेत सांगितले. कळले की नाही कोण जाणे, पण ती ऐकत होती.

कमलाबाईंच्या आयुष्याचा शेवटचा भाग आपल्याला सर्वांत जवळचा आहे. १९७३ साली अकरा सहकारी बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. बारा जणींनी! आपले मंडळही एवढ्याच बायकांनी ओट्यावर बसून सुरू केले असे जुन्या सभासद सांगतात. वाशीला त्या संघटनेने नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले. बाईला शास्त्रज्ञ व्हायचे तर आधी तिचे मूल कोणीतरी सांभाळले पाहिजे, हे पुरुष शास्त्रज्ञाला सुचले नसते.

निवृत्तीनंतर माणूस घरी बसतो. कमलाबाई राजूरला जाऊ लागल्या. राजूर म्हणजे अकोले तालुक्यातले, आपल्या घोटीहून बारीच्या वाटेने पलीकडे उतरले की येणारे. कळसूबाईच्या पलीकडचा तो डोंगराळ आदिवासी मुलूख. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. मुले काय खातात, त्यांच्या अंगात काय कमी आहे, हे पाहिले. आसपासच्या गावांतल्या बायकांना आरोग्याची आणि कर्करोगाची माहिती देण्याचे काम महिला संघटनेमार्फत त्यांनी केले. पद्मभूषण मिळालेली बाई! आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांत आणि त्या वाड्यांत फरक तो काय? मला राहूनराहून वाटते, की गाठ दुखत नसली तरी दाखवावी, एवढेच सांगायला अशी कोणी बाई आमच्या गल्लीत वेळेवर आली असती तर.

११ एप्रिल २००१ रोजी त्या गेल्या. वय ८३. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या संशोधन संस्थेचे काम परळहून खारघरच्या नव्या जागेत हलले. आता तिथे मोठी संशोधन संस्था आहे.

जाऊ आता बरी आहे. केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. मात्र तिची आईही पन्नाशीच्या आत स्तनाच्या गाठीनेच गेली होती. घरात ते अनेक वर्षे पोटाचे दुखणे म्हणून सांगितले जात असे, खरे काय ते आता कळले. म्हणून डॉक्टरांनी घराण्यातल्या त्या दोन जनुकांची तपासणी सुचवली. आधी जिला रोग झाला तिची करतात आणि तिच्यात बिघाड निघाला तरच मुलीबाळींची. जाऊ वर्षभर नाही म्हणत होती. माझी पुतणी वीस वर्षांची आहे, तिचे लग्न जमवायचे आहे, आणि असला रिपोर्ट घरात आला तर लोक काय म्हणतील, ही तिची भीती. यंदा संक्रांतीनंतर पुतणीनेच आईला बरोबर घेतले आणि नमुना देऊन आल्या. रिपोर्ट अजून यायचा आहे. तो आणायला मी दोघींबरोबर जाणार आहे.